ताईच्या नव्या गुडघ्यासोबत मानोऱ्याकडे

नाशिकहून निघाले तेव्हा माझ्या सामानात कपडे कमी आणि इतर गोष्टीच जास्त होत्या. घडीची कमोडची खुर्ची, शेकायला बर्फाची पिशवी आणि ताईला आवडतो म्हणून चिवडा. "बहिणीच्या ऑपरेशनला चाललीस की नवा संसार थाटायला?" असं घरातून विचारून झालं होतं. ताई माझ्याहून बरीच मोठी. वाशीमला तिचा उजवा गुडघा बदलायचा होता आणि पुढचे काही आठवडे मी तिच्याजवळ राहणार होते.

अकोल्याला गाडी बदलली. समोरच्या बाकावर भाजीची टोपली घेऊन एक बाई बसली होती. तिने माझ्या खुर्चीकडे बघून चौकशी सुरू केली.

"कुठं जाऊन राह्यल्या बाई?"

"वाशीमला. बहिणीचा गुडघा बदलायचाय."

"बदलते म्हना! मंग जुना देतेत का वापस?"

मी म्हटलं, विचारून सांगते. ती पोट धरून हसली आणि तिने मला दोन पेरू दिले.

जऊळका आलं तशी मी खिडकीला नाक लावलं. आमचं माहेर इथून जवळच. स्टेशन आता रंगवलेलं आहे, पण त्यामागचं काळं रान अजून तसंच पसरलेलं दिसलं. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की ताई मला कमरेवर घेऊन पलीकडच्या शाळेत सोडायची आणि स्वतः परत घरी जायची. तिची शाळा कधीच सुटली होती. तेव्हा मला वाटायचं, तिला पाण्यात चालायला आवडतं. गाडी हलली तरी मी मागे वळून बघत राहिले.

वाशीमच्या दवाखान्यात ताई खाटेवर ताठ बसून होती. डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं. महिनाभर आधीपासून मांडीचे व्यायाम करून घेतले होते, साखर आणि रक्तदाब तपासून झाले होते. एकच गोष्ट तिच्या मनाला लागली होती. यापुढे मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही.

"शोभे, सतरंजी हातर," ती संध्याकाळी म्हणाली. "आज खालीच जेवू."

भिंतीला धरून, तोंडाने सुस्कारे टाकत ती खाली बसली. मांडी अर्धीमुर्धीच झाली. घरून भाचा दिनेशने भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा आणला होता. ताई सावकाश जेवली.

"चुलीजवय बसनं गेलं, पंगत गेली," ती म्हणाली. "निंदनंबी (पिकातलं तण काढणं) गेलं, थे एक बरं झालं."

आम्ही दोघी हसलो, पण तिला उठवताना दिनेशलाही बोलवावं लागलं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभंही केलं. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी तरुण आणि कडक होती. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, गुडघा खाली दाबायचा, पाय सरळ करायचा. "हे चुकवलंत तर गुडघा वाकडाच आखडेल, मावशी. मग नव्या गुडघ्याचा काय उपयोग?" दवाखान्यात ताईने शहाण्या विद्यार्थिनीसारखं सगळं केलं.

दवाखान्यातून सोडल्यावर मंगरूळपीरवरून मानोऱ्याकडे जाताना दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या झाल्या होत्या आणि मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा दिसत होता. दिनेश खड्डे चुकवत गाडी हाकत होता. मानोऱ्याच्या अलीकडेच ताईचं सासर. बैठकीत खाट विटांवर उंच करून ठेवली होती. तिच्यासमोर भिंतीशी सतरंजीवर ताईच्या सासूबाई बसलेल्या. वय नव्वदीला टेकलेलं, आवाज मात्र खणखणीत.

तिथेच घोटाळा झाला. ताई पाय लांब करून बसली की तळवे थेट सासूबाईंकडे. मोठ्या माणसांपुढे पाय पसरायचे नाहीत, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. मी खाट फिरवून पाहिली, तर पाय दाराकडे झाले. दारातून दिवसभर बघायला येणारे, चुलत सासरे काय नि मामेसासू काय! आतली खोली सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली. कुणाची चाहूल लागली की ताई पाय ओढून घ्यायची आणि पातळाने झाकायची. मी रागावले, विनवण्या केल्या. "तू शहराची झाली," एवढंच ती म्हणायची.

टाके काढायला वाशीमला गेलो तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या त्या मुलीने गुडघ्यावर हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला. पाय सरळ होतच नव्हता. अजून वेळ आहे, पण फार नाही, असं ती म्हणाली. परतताना ताई गाडीत गप्प रडत होती. या पायाने स्वतःच्या शेताच्या बांधापर्यंत चालायचं, एवढीच तिची हौस होती. मला तिचा राग येत होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

घरी पोचताच सासूबाईंनी विचारलं, "काहून वो, काय म्हने डाक्टर?"

मग माझ्याने राहवलं नाही. "मावशी, तुमच्यापुढे ती पाय पसरत नाही, म्हणून तो वाकडा राहतोय."

"माह्यापुढं?" म्हातारी ताईकडे पाहत राहिली. "मी तुले कधी काई म्हनलं का, सुमन?"

"तुमी नाई म्हनलं. पन मी कशी पसरू?"

मग म्हातारीने हात वर केला. "मले खाटीवर चढव रे दिनेश."

जन्मभर जमिनीवर बसलेली ती बाई ताईच्या शेजारी भिंतीला टेकून बसली आणि आपले भेगाळलेले दोन्ही पाय तिने दाराच्या दिशेने लांब केले.

"पाह्य, म्या पसरले. आता तू पसर. कोनी आलं तं मले बोलन, तुले नाई."

तेवढ्यात शेजारची बाई दारात आली आणि जागीच थबकली.

"ये वो, बस," म्हातारी म्हणाली. "आमाले कसरत करा लागते."

त्या दिवसापासून सकाळ-दुपार दोघींचे पाय लांब. आकडे म्हातारीला येत नव्हते, म्हणून गुडघा किती वेळ दाबायचा ते ती जात्यावरच्या ओवीने ठरवायची. ओळ संपली की ताईने पाय सोडायचा. बाया बघायला म्हणून यायच्या आणि ओवी म्हणायला थांबायच्या. मीही खाली बसून सूर धरायचे. आईच्या जात्याजवळ पेंगत ऐकलेल्या ओळी आपोआप ओठांवर येत होत्या, आणि त्या येत आहेत याचंच मला रडू येत होतं.

निघायच्या दिवशी रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी झाली. आम्ही सगळे खाली, त्या दोघी खाटेवर.

आता वाशीमच्या बसमध्ये बसून हे लिहिते आहे. प्रवासाला गेलं की माणूस नवं काही पाहून येतो म्हणतात. मी ज्या घरी कितीतरी वेळा गेले, तिथली एक म्हातारी मला या खेपेला दिसली. सकाळी मी आधी तिच्या पाया पडले, मग ताईच्या. आजवर ताईच्या पाया पडायला वाकले की ती "असू दे वो" म्हणत पाय मागे घ्यायची. आज तिने घेतले नाहीत. माझा हात तिच्या पावलावर होता आणि पाय खाटेवर टाचेपासून मांडीपर्यंत सरळ होता.