तीन वर्षांच्या देशाचं तिकीट

मुलांचे प्रोजेक्ट आईबापांनी करायचे, ही पद्धत आम्ही पुण्याहून सामानाबरोबरच दुबईला नेली होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. लेक तिथल्या ऊद मेथा भागातल्या शाळेत पाचवीत होती आणि विषय होता, ‘नकाशावरून पुसला गेलेला देश’. तिने निवडलं स्टेलालँड. एकोणिसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेत, इंग्रजांच्या मुलखाला लागून, तिथल्या लोकांच्या जमिनी बळकावून बोअर, म्हणजे डच वंशाच्या, मंडळींनी थाटलेलं हे प्रजासत्ताक. त्याला देश म्हणून कुणी विचारलं नाही, आणि तीनेक वर्षांत इंग्रजांनी ते गिळलं. पण तेवढ्यात या पठ्ठ्यांनी झेंडा केला, पोस्टाची तिकिटंही छापली! मला तर हसूच आलं.

त्यातलं एक तिकीट चक्क आमच्या शेजारी निघालं. शेजारी म्हणजे रत्नागिरीचे चाचा. तीस वर्षं कारकुनी केलेली, त्यातली बरीचशी अमिरातीतल्याच खोर फक्कानच्या बंदरात. खलाशांकडून त्यांनी तिकिटं जमवली होती. आता नोकरी संपली होती आणि त्या शुक्रवारी ते कायमचे गावी निघाले होते. तरीही त्यांनी ते छोटं लाल तिकीट पारदर्शक पाकिटात घालून दिलं.

“परत द्या हं वहिनी. माझ्या अल्बमचा राजा आहे तो.”

पाकीट प्रोजेक्टच्या चार्टवर बरं दिसेना. मी तिकीट बाहेर काढलं, पाठीला भरपूर डिंक लावला आणि कडा उचलू नयेत म्हणून वरून लाटणं फिरवलं. अर्धवट काम मला जमतच नाही.

संध्याकाळी नवऱ्याने चार्ट पाहिला आणि कपाळाला हात लावला. “खलास! अगं, पाकिटासकट लावायचं होतं ते!”

ओल्या कापसाने सोडवायला गेले, तर तिकिटाचा कागदच सुटायला लागला. चाचांची चाहूल लागली की मी दाराआड थांबायची. दोन दिवस हा भ्याडपणा केला. शेवटी लेकच वैतागली. “मम्मा, जस्ट टेल हिम!”

चार्ट घेऊन आम्ही दोघी गेलो. खोलीत बांधलेल्या बॅगा होत्या. मी लाटण्यासकट सगळं कबूल केलं. चाचांनी चष्मा लावला आणि तिकिटावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता दार दाखवतील.

“पक्कं बसलंय,” ते म्हणाले. “तीस साल इथे काढली वहिनी. व्हिसा संपला की यल्ला, चलो. आपलं इथे काय राहतं? हे राहू दे.” मग लेकीकडे वळले. “बेटा, याच्या खाली माझं नाव लिहिशील?”

“फुल नेम, चाचा?”

“हां. बापाच्या नावासकट.”

तिने जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर जपून लिहिलं. चाचांनी ते मोठ्याने वाचलं. शाळेच्या भिंतीवर लागेल ना, म्हणून दोनदा विचारलं. माझे डोळे भरून आले होते. त्यांचे आभार मानायला मी तोंड उघडलं, तर तेच हात जोडून म्हणाले, “शुक्रिया, वहिनी.”