हौसरावाच्या डोळ्यांतलं पाणी

भांडगावच्या शिवारात गुऱ्हाळं पुष्कळ, गुळवेही पुष्कळ. पण उकळत्या काहिलीवर नजर रोखून उभं राहावं ते हौसरावानेच. रस आटत आला की फेसाचा रंग बघता बघता पालटतो. नेमकी तेव्हाच पापणी लवली आणि काहील उतरवायला उशीर झाला, तर सगळा गूळ करपतो, असं त्याला बापाने शिकवलं होतं. बाप शिकवून गेला आणि पोरगा ते जन्मभर धरून बसला. चुलाणाचा धूर, रसाची वाफ, चिपाडांची उडणारी भुकटी, सगळं तोंडावर घेत हा बाबा डोळे टक्क उघडे ठेवून उभा. त्याचा तोराही फार. नवखा कोणी डोळे चोळायला लागला की म्हणायचा, "मिटा, मिटा. गूळ काय, तुमची वाट बघंल."

तसा माणूस कडकच. हसणं मोजकं, बोलणं त्याहून मोजकं. बायको साखरबाई त्याच्या वाटचंही बोलायची, म्हणून घर चाललं होतं. एका माघात ती तापाने फणफणली, आणि दौंडच्या दवाखान्यातून घरी आली ती आडवीच. बायांनी हंबरडा फोडला. एकुलती लेक नीलम शिरूरला दिलेली, ती येऊन आईच्या अंगावर पडली. हौसराव मात्र भिंतीला टेकून, काहिलीकडे बघावं तसा बघत राहिला. डोळ्यात टिपूस नाही. आत काय चाललं होतं ते त्याचं त्याला सांगता आलं नसतं, मग दुसऱ्याला कुठून कळणार?

तेराव्याची पंगत उठल्यावर नीलम सगळ्यांदेखत म्हणाली, "आबा, आपली म्हैस मेली तवा तुम्ही दोन घास कमी खाल्ले हुते. आई गेली तर डोळ्याला टिपूसबी न्हाई?" पिशवी उचलून ती निघाली आणि पुन्हा फिरकली नाही.

मग घर खायला उठलं. संध्याकाळी गुऱ्हाळावरून यायचं, गार चुलीपुढे बसायचं, सकाळचीच भाकरी चटणीशी खायची. दारात फारसं कोणी येत नसे. दगडाशी काय बोलायचं, असं लोकांना वाटत असणार.

त्या उन्हाळ्यात वारा सुटला आणि हौसरावाचे डोळे वाहायला लागले. आधी वाळू गेल्यासारखं खुपायचं, लाली चढायची, मग घळाघळा पाणी. सकाळी पापण्या चिकटलेल्या. मेडिकलमधून लाली जायचं औषध आणलं. घटकाभर बरं वाटायचं, मग डोळे दुप्पट लाल. कोणीतरी सांगितलं म्हणून मध घातला, तेव्हा तर गडी अंगणभर नाचला. पाणी काही हटेना. आणि गावाने त्या पाण्याचा अर्थ आपल्या रीतीने लावला.

पहिल्यांदा बघितलं शेजारच्या सरूबाईने. हौसराव ओट्यावर बसला होता आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. ती पदर तोंडाला लावून घरात पळाली आणि नवऱ्याला, पोपटला म्हणाली, "आवो, भाऊजी रडत्यात. साखरबाईसाठी रडत्यात."

दुसऱ्या दिवशी हौसरावाच्या दारात झाकलेलं ताट आलं. मग पोपट तंबाखू मळत बसायला आला, त्याच्यामागून आणखी दोघंचौघं. जाता-येता बायका हलक्या आवाजात विचारायच्या, "जेवला का, आबा?" वरून एवढा कडक आणि आतून असा, म्हणून गाव हळहळायचं.

पहिलं ताट आलं तेव्हा हौसराव म्हणणारच होता, की अहो, धूर गेलाय डोळ्यात. पण ताटात गरम पिठलं होतं, आणि समोर बसून "खावा" म्हणणारं माणूस होतं. तो गप्प राहिला. गप्प बसायची सवय होतीच. या खेपेला ती कामी आली.

पुढे सरूबाईने चौफुल्याच्या एसटीडीवरून शिरूरला फोन लावला. "नीलम, तुझा बाप झुरून मरंल गं. रोज रडतोय." मग नीलम म्हणाली की वर्षश्राद्धाला येते. हे कळलं त्या दिवशी हौसरावाने घर झाडून काढलं आणि साखरबाईचा फोटो दोनदा पुसला.

पण डोळे आता ऐकेनात. दुपारी अंधुक दिसायचं, फेसाचा रंग कळेनासा झाला. एक काहील करपली, तेव्हा गुऱ्हाळाचा मालक संपत त्याला मोटारसायकलवर मागे बसवून केडगावला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी डोळ्यात रंग घालून निळ्या उजेडात बघितलं आणि विचारलं, "बाबा, तुम्ही पापण्या मिटता की नाही?"

"मिटून कसं भागंल? गूळ जाईल की."

"गूळ राहिला आणि डोळे चाललेत. कोरडे पडलेत ते."

"कोरडं? आवो बाई, पाट वाहतोय!"

"म्हणूनच वाहतोय. दुधावर साय असते ना, तसा डोळ्यातल्या पाण्यावर तेलाचा पातळ थर असतो. पापणीच्या कडेला बारीक छिद्रं असतात, त्यातून ते तेल येतं, आणि पापणी मिटली की पसरतं. तुमची छिद्रं बुजलीत, त्यात तुम्ही मिटत नाही. मग पाणी उडून जातं, डोळा जळजळतो आणि घाबरून एकदम लोंढा सोडतो. तो लोंढा गालावर जातो, डोळ्याला काही मिळत नाही."

मग बाईंनी उपाय सांगितले. सोसेल एवढ्या कोमट पाण्यात फडकं भिजवायचं, पिळून मिटल्या डोळ्यांवर ठेवायचं, निवलं की पुन्हा भिजवायचं. नंतर पापणीची कड हलक्या हाताने पुसायची. अश्रूंसारखे थेंब दिले, ते दिवसातून चार वेळा. लाली जायचं औषध बंद, मध तर बंदच. धुरात चष्मा, वाऱ्याकडे पाठ, आणि आठवण ठेवून पापण्या पूर्ण मिटायच्या. "हे एका दिवसात जाणारं नाही," बाई म्हणाल्या, "सवय लावून घ्यावी लागेल. दुखायला लागलं किंवा दिसणं कमी झालं तर मात्र घरी बसू नका, लगेच या."

हौसरावाने सगळं केलं. हळूहळू खुपणं कमी झालं, गालांवरचं पाणी थांबलं. गावाने तेही बघितलं. "सावरला बिचारा," सरूबाई समाधानाने म्हणाली. ताट एक दिवसाआड येऊ लागलं, मग सणावारी. पोपट आपल्याच ओट्यावर तंबाखू मळू लागला. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. ज्याचं दुःख सरलं त्याच्यापाशी किती दिवस बसायचं? बरा झालेला हौसराव पुन्हा गार चुलीपुढे आला.

वर्षश्राद्ध जवळ आलं. नीलम येणार आणि तिला कोरडे डोळे दिसणार, हा विचार त्याची पाठ सोडेना. त्याने थेंबांची बाटली फडताळात मागे सारली. चष्मा खुंटीला अडकवला. धूर जिकडे येईल तिकडे जाऊन चुलाणापुढे उभा राहिला. बाईंनी जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते सगळं त्याने मन लावून केलं.

श्राद्धाच्या सकाळी नीलम दारात आली तेव्हा त्याचे डोळे लालबुंद होते आणि गाल ओले. पिशवी तिथेच टाकून ती त्याच्या पायाशी बसली. "आबा, माझं चुकलं. चार माणसांत मी तुम्हाला तसं बोलले. तुम्ही वरीसभर आईसाठी रडताय आन् मी..." तिने त्याच्या पावलांवर डोकं ठेवलं.

आता गप्प बसला असता तर सगळं मिळालं असतं. लेक येत-जात राहिली असती, नातवंडं अंगणात खेळली असती. हौसरावाला हे स्वच्छ कळत होतं. पण साखरबाईच्या फोटोपुढे, असल्या पाण्यासाठी पोरीने माफी मागावी, हे त्याला सोसवेना.

"ऊठ, पोरी. हे रडणं न्हवं. डोळ्याचा रोग हाय. औषधानं थांबला हुता. तू येणार म्हणून म्या औषध बंद केलं."

नीलम उठली. "म्हंजी आईसाठी..." एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकाला लागली. कावळ्याने घास घेतला, माणसं जेवून गेली, तरी ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

निघायच्या आधी मात्र तिची नजर त्याच्या डोळ्यांवर गेली. रागावली तरी लेकच. "औषध कुठं हाय?" कसं करायचं ते विचारून तिने चुलीवर पाणी कोमट केलं. आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा भिजवला, पिळला, त्याच्या मिटल्या डोळ्यांवर ठेवला आणि वर आपला हात धरला.

साखरबाई गेल्यापासून त्याच्या तोंडाला कोणाचा मायेचा हात लागला नव्हता. ऊब पापण्यांतून आत उतरली आणि वर्षभर धरून ठेवलेलं सुटलं. साखरबाईची अखंड बडबड, दवाखान्यात निघताना "चूल विझवा" म्हणून तिने दिलेली हाक, सगळं वर आलं. आवाज न करता, खांदे न हलवता, हौसराव बायकोसाठी रडला.

नीलमने फडकं उचललं. पापण्यांची कड पुसली, पुन्हा पुसली. "अजून थांबंना की पाणी," ती म्हणाली. "लई वाढवून ठेवलाय रोग."

त्याने तोंड उघडलं. पण सकाळी जे सांगून बसला होता, त्यानंतर आता काय सांगणार आणि तिला ते खरं कसं वाटणार?

"व्हय," तो म्हणाला.

तिने थेंब घातले, बाटली त्याच्या हाताशी ठेवली, चार वेळा घाला म्हणून बजावलं आणि शिरूरची गाडी धरायला चौफुल्याकडे निघून गेली. हौसराव भिंतीला टेकून बसून राहिला, डोळे मिटून, बाईंनी सांगितलं होतं तसे पूर्ण मिटून.