पाचवी तार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला सगळे वस्ताद म्हणत. सुरुवातीला तो टोमणा होता. बावीस वर्षांत टोमण्याची धार गेली, नाव तेवढं राहिलं. तीन महिन्यांपूर्वी त्याच कंपनीत लागलेली तिची सून मात्र तिला आईच म्हणे. "आई, पाना द्या," असं कानावर आलं की इमारतींचे वॉचमन गालातल्या गालात हसत.

सून डिप्लोमा झालेली, सासू सातवी पास. आकृती सुनेने वाचावी, पण मोटरला कान लावून दुखणं सांगावं ते सासूनेच.

"तुम्ही डॉक्टर झाला असतात ना आई, तर पेशंट पळून गेले असते."

"पळण्याइतके बरे झाले म्हणजे! डॉक्टरला आणखी काय हवं?"

त्या दिवशी दोघींनी एका दवाखान्याच्या पाच मजली इमारतीतली लिफ्ट दुरुस्त केली. दाराचा स्विच तपासताना वस्ताद गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत एक छोटी लाल तार जोडे. ती जोडली की दार उघडं असलं तरी लिफ्टला ते बंदच वाटतं. काम संपलं की तार काढायची. राहून गेली, तर लिफ्ट उघड्या दारासकट चालू लागते. त्या क्षणी कुणी पाय आत टाकला, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून पिशवीत मोजून पाच तारा, आणि निघताना त्या पुन्हा मोजायच्या.

"तारा मोजल्यास?"

"हो आई," सून म्हणाली. मोजल्या नव्हत्या. दोन वाजून गेले होते आणि पोटात कावळे ओरडत होते.

पुढच्या कामावर वस्तादने पिशवी उघडली. तारा चारच.

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, चला, गाडी काढते. पक्कड विसरली म्हणू, वर जाऊन गुपचूप काढून आणू. कुणाला कळायचंही नाही."

"जायला वीस मिनिटं. तेवढ्यात किती जण चढतील?" वस्तादच्या हातात फोन होताच.

फोन केला की कारण सांगावं लागणार होतं. बाईमाणसाच्या हाती लिफ्ट देऊ नका, असं तिथल्या मॅनेजरने कंपनीला दोनदा लिहून कळवलं होतं. त्याच्या हातात हे आयतं कोलीत. नोकरीवरच गदा येऊ शकत होती.

"वॉचमनदादा, वस्ताद बोलतेय. आता कुणाला लिफ्टमध्ये चढू देऊ नका. आतले उतरले की खालचा मेन स्विच बंद करा... नाही, लिफ्टचा दोष नाही. चूक माझी आहे, दाराची तार काढायची राहिली. मॅनेजरसाहेबांनाही असंच सांगा."

फोन ठेवून तिने पिशवी खांद्याला अडकवली. सुनेने गाडी काढली.

परतल्या तेव्हा जिन्यावर माणसांची रांग, आणि दारातच मॅनेजर. "तरी मी सांगत होतो!"

"सांगत होतात. आधी तार काढते, मग पोटभर बोला."

दुखरे गुडघे घेऊन वस्ताद पाच मजले चढली. तार काढली, एकेका दाराशी लिफ्ट तपासली, लिफ्टच्या नोंदवहीत स्वतःच्या हाताने चूक लिहून खाली सही केली. मग मॅनेजरसमोर उभं राहून सगळं ऐकून घेतलं.

सुनेला राहवेना. "साहेब, तारा मोजायचं काम माझं होतं. न मोजताच मी हो म्हणाले."

वस्तादने वळून पाहिलं. "हे येताना गाडीवर का नाही बोललीस?"

"तुम्ही ढकलून दिलं असतंत."

"दिलंच असतं," ती म्हणाली, आणि सुनेच्या गालावरचं ग्रीस पुसायला जाऊन तिने ते आणखीनच फासलं.

कंपनीने वस्तादची नोकरी ठेवली, पण तीन महिने तिचं प्रत्येक काम दुसऱ्याने तपासायचं ठरलं. तपासणारा तिच्याच हाताखाली तयार झालेला.

"चालेल," ती कंपनीच्या साहेबांना म्हणाली, "मीच शिकवलाय. सोडायचा नाही तो मला."

दुसऱ्या दिवशी तो आला. काम झाल्यावर डोकं खाजवत म्हणाला, "वस्ताद, तुमचं मी काय तपासणार?"

"सगळं," ती म्हणाली, आणि त्याला जागा करून देत बाजूला सरकली.