खोडलेल्या चार ओळी

शनिवारी चार वाजता मी देवपुरातल्या आमच्या घरून निघायचो आणि चार वाजून सतरा मिनिटांनी चर्चच्या वसतिघराच्या फाटकाशी पोचायचो. शाळेत मी गणित शिकवतो. त्या घरात मात्र मला मराठी शिकवायला बोलावलं होतं. आधीचे मास्तर बदलून गेले होते आणि फादरना जवळ राहणारा, वेळेवर येणारा माणूस हवा होता. या दोन्ही अटी मी पुऱ्या करत होतो.

तिथे अकरा तरुण राहायचे. वयं अठरा ते बावीस. नऊ जण शिरपूरच्या वरच्या डोंगरातल्या पाड्यांवरचे, दोघं जळगावकडचे. कॅथलिक धर्मगुरू व्हायचं की नाही हे ठरवायला त्यांना दोन वर्षं दिलेली होती. सकाळी कॉलेज, दुपारी भाजीचे वाफे, संध्याकाळी प्रार्थना. दोन वर्षांनी ज्याला पुढे जायचं असेल तो मोठ्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत जाणार. तिथे आणखी आठ-नऊ वर्षं, आणि मग जन्मभर लग्न नाही, स्वतःचं घर नाही. देवाने खरंच बोलावलंय की आपल्यालाच तसं वाटतंय, हे तपासण्याला ते पाचारण ओळखणं म्हणत. मी हिंदू, पहूरच्या शेतकऱ्याच्या घरातला. आमच्याकडे कुणी काही ओळखत बसलं नाही. दहावीला गणितात गुण पडले आणि मी मास्तर झालो. एका प्रश्नाला दोन वर्षं ही मुदत मला फार वाटायची.

महिन्यातला एक शनिवार मौनाचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अशा पहिल्याच शनिवारी स्वयंपाकाच्या अक्कांनी मला फाटकातच अडवलं आणि त्यांच्या अहिराणीत सांगितलं की आज सगळे मुके.

"आज बठ्ठा मुका शेतस, भाऊ. तुम्हनं मराठीबी मुकं."

"मग परत जाऊ?"

"कसाले? बसा ना. फुकटनी सावली शे."

मी चॅपलमध्ये, म्हणजे त्यांच्या छोट्या प्रार्थनाघरात, मागच्या बाकावर बसलो. खिडक्यांच्या काचांना निळा आणि पिवळा कागद चिकटवलेला होता. त्यातून आलेलं चैत्राचं ऊन पोरांच्या पांढऱ्या शर्टांवर पडलं होतं, आणि कुणी श्वास घेतला तरी ते पाण्यासारखं हलत होतं. मी समोरच्या पाठी मोजल्या. अकरा. मग पंख्याचे फेरे मोजायला लागलो. दोनशेच्या पुढे कुठेतरी मोजणं सुटलं. पहूरच्या घरातला कापसाचा ढीग दिसला, त्यावर मी पडलेलो, मानेला सरकी टोचतेय, आणि बाहेर कुणीतरी बैलांशी हळू आवाजात बोलतंय. काय बोलतंय ते आता ऐकू येईल असं वाटत होतं. मी झोपलो नव्हतो, डोळे उघडे होते. घड्याळ पाहिलं तर पन्नास मिनिटं गेली होती. मी शपथेवर दहा सांगितली असती. त्यानंतर मौनाच्या शनिवारीही मी जात राहिलो. घरी हिने विचारलं, "तिथं शिकवायचं नाही, बोलायचं नाही, तर करता काय?"

त्या वर्षी अकरांपैकी सहा जणांची दोन वर्षं पुरी होत होती. पुढे जाण्याची रीत अशी की प्रत्येकाने बिशपांना अर्ज लिहायचा, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत, कुणाच्या दडपणाशिवाय. फादर मला म्हणाले, "सर, शुद्धलेखन तेवढं बघा. बाकी हात लावू नका." यातलं पहिलं वाक्य मी नीट ऐकलं.

सहा कच्चे अर्ज मी घरी आणले आणि उत्तरपत्रिका तपासाव्यात तसे तपासले. जे विषयाला धरून नाही ते काढायचं, ही माझी पंचवीस वर्षांची सवय. सगळ्यांत उंच मुलगा पाड्यावरचा, घरी पावरी बोलणारा. मराठी तो आश्रमशाळेत शिकला होता आणि जपून वापरायचा. त्याच्या अर्जात दुसऱ्या पानावर अशा चार ओळी होत्या:

"पहाटे डोळे मिटले की मला देवाच्या आधी आमची विहीर दिसते. आई पाणी काढत असते. मी हाक मारतो, ती वर बघत नाही. दोन वर्षांत हे कमी झालेलं नाही."

मी त्यांवर पट्टीने लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, विषयाशी संबंध नाही. पुढच्या शनिवारी त्याने पक्का अर्ज दाखवला. चार ओळी नव्हत्या, अक्षर सुरेख होतं. सहाही पक्के अर्ज फादरच्या खणात गेले, कच्चे माझ्याकडे परत आले. मंगळवारी पक्के अर्ज बिशपांकडे जाणार होते.

मंगळवारच्या आधीच्या शनिवारी मी जरा लवकर पोचलो. उंच मुलगा वांग्यांना पाणी देत होता. शेजारच्या वाफ्यातला जळगावकडचा मुलगा ओरडला, "सर, बघा, ह्याच्या आधी ह्याची वांगीच फादर होणार! एकाला कीड नाही."

"तू पाणी कमी पाज आणि तोंड कमी चालव," उंच मुलगा म्हणाला.

पाणी सरीतून सावकाश पुढे सरकत होतं. मला मौनातला तो कापसाचा ढीग आठवला, आणि का कोण जाणे, मी त्याला विचारलं, "अरे, ती विहीर अजून दिसते का?"

त्याने नळी खाली ठेवली. "रोज दिसते, सर."

"मग त्या ओळी का काढल्यास?"

"तुम्ही खोडलंत ना. मला बरं वाटलं. मला वाटत होतं, यावरच सगळं अडलंय. बाबा म्हणतात जा. आई काहीच म्हणत नाही. तुम्ही लिहिलंत संबंध नाही, तर म्हटलं, चला, सुटलो."

दोन वर्षं तो ज्या प्रश्नाशी बसला होता, त्याचं उत्तर मी पट्टी लावून अर्ध्या मिनिटात दिलं होतं, आणि त्याने ते खरं मानलं होतं.

"मी गणिताचा मास्तर आहे," मी म्हटलं. "मला त्यातलं काही कळत नाही. ती रेघ चुकीची होती. मी फादरना सांगू का?"

त्याने नळी उचलून पुढच्या सरीत सोडली. मग म्हणाला, "नको, सर. मीच सांगतो. तो कच्चा कागद आहे का तुमच्याकडे?"

होता. मी कागद टाकत नाही. सतरा मिनिटं घरी, सतरा मिनिटं परत. त्या दिवशी बहुधा कमी लागली असतील. त्याने बाकावर बसून दुसरं पान पुन्हा लिहिलं, चारही ओळींसकट, आणि फादरच्या खोलीत गेला. मी व्हरांड्यात बसलो. कडुनिंबाचा मोहोर गळत होता, फरशीवर, माझ्या चपलांवर. आतून काही ऐकू येत नव्हतं. अक्कांनी चहा आणून ठेवला आणि म्हणाल्या, "पोरगा तुम्हना शे का? इतला घाम कसाले?"

तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण चालणं सैल झालं होतं. फादरनी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. फक्त विचारलं होतं की हा अर्ज आत्ता पाठवायचा का. आणि तो नाही म्हणाला होता. या वर्षी घरी राहायचं, आईशी बोलायचं. ती बोलेपर्यंत तिच्या शेजारी काम करायचं. पुढच्या वर्षी लिहावंसं वाटलं तर लिहायचं, नाही तर नाही.

फादर दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हे मला यायला बंदी करणार. ते म्हणाले, "सर, पुढच्या शनिवारी या." आणि थोडं थांबून, "लाल पेन घरी ठेवा."

रविवारी मी उरलेले पाच कच्चे अर्ज काढले. मंगळवारला दोन दिवस होते. शुद्धलेखन सोडून मी किती खोडलंय ते मोजलं. एकूण चौदा वाक्यं. एकाने लिहिलं होतं की त्याला चर्चमधलं पेटीवादन देवापेक्षा जास्त आवडतं. एकाने लिहिलं होतं की वर्गातली एक मुलगी त्याला आठवते आणि ती आठवावी असं त्याला वाटतं. प्रत्येकाची वाक्यं मी वेगळ्या कागदावर उतरवली, एक शब्द न बदलता, आणि सोमवारी शाळा सुटल्यावर तिकडे गेलो.

"हे तुमचं आहे," मी म्हटलं. "मी चुकून ठेवून घेतलं होतं. ठेवायचं की नाही ते तुम्ही बघा."

पाचही जण उभ्या उभ्या वाचायला लागले. जळगावकडचा मुलगा वाचता वाचता लाजून हसला. "सर, हे मी लिहिलं होतं?"

"तूच."

त्याने कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली, आणि बाकीच्यांकडे न बघता चॅपलच्या दिशेने चालायला लागला.