घाबर गो बाय

कबड्डीत चढाईला जायच्या आधी माझ्या पोटात गोळा यायचा. दर वेळी. गावच्या मातीवर खेळले, मग मॅटवर खेळले, पण मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावताना तो गोळा यायचाच. आमचे सर म्हणायचे, शांत राहा, मन कोरं ठेव. बाबांचं बरोबर उलटं. ते रेषेबाहेर लुंगी आवरत उभे राहायचे आणि अख्ख्या करावे गावाला ऐकू जाईल असं ओरडायचे, "घाबर गो बाय, घाबर! घाबरलीस तं पलशील!" भीती असली तरच पाय पळतात, असं त्यांचं म्हणणं. समोरच्या पोरी फिदीफिदी हसायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण खाडीवर जन्म काढलेला माणूस तो. पाण्याला न घाबरणाऱ्याला ते आपल्या होडीत घ्यायचेच नाहीत.

बाबा एका रात्री झोपेतच गेले. घर माणसांनी भरलं. शेजारणी भाकऱ्या आणून देत होत्या, आई रडत होती, आणि मी ताटं विसळत होते. "पोर खंबीर हाय," असं जो तो म्हणायचा. कसली खंबीर! आत काही हलतच नव्हतं. दात काढल्यावर गाल बधिर होतो ना, तसं सगळं अंग झालं होतं.

तेरावं झालं आणि लगेच जिल्हा संघाची निवड चाचणी आली. यंदा नाही तर कधीच नाही, माझं वयच तेवढं उरलं होतं. आई म्हणाली, "जा. तुज्या बापाला बरा वाटला आसता." आमच्या संघात मैदानाचा नारळ कर्णधार फोडते. त्या दिवशी पोरींनी तो माझ्या हातात दिला. दुःखातल्या माणसाच्या हातचा नारळ देव नाकारत नाही, असं त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. एका फटक्यात फुटला, आत पांढरा शुभ्र. पोरी नाचायच्याच बाकी होत्या. "बाबांसाठी खेळ, ते वरून बघतायत," एक म्हणाली. बघत असतील तर गप्प का आहेत, एवढंच माझ्या मनात आलं.

सरांनी पाठ थोपटली. "वा! आज कशी शांत आहेस. हेच मी सांगत होतो."

मध्यरेषेला हात लावला. गोळा आला नाही.

पहिल्या चढाईत डाव्या कोपऱ्यातली पोर माझ्या घोट्याकडे झेपावली. मला ती स्वच्छ दिसली. पाय कसा काढायचा तेही ठाऊक होतं. पण काढावासा वाटला नाही. पकडली गेले. दुसऱ्या चढाईत सगळ्या अंगावर आल्या, मध्यरेषा हातभर लांब, आणि मी दम घुमवत पडून राहिले. हात लांबवलाच नाही. सर धावत आले, "लागलं का?" मी म्हटलं, नाही. पुढेही तेच. संध्याकाळी नावं वाचली, त्यात माझं नव्हतं. पोरी माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी त्यांना पाणी दिलं.

घरी आले तर कुलूप. तेराव्यानंतर आई त्याच दिवशी पहिल्यांदा धंद्याला गेली होती. दिवाळे गावाहून मासळी घ्यायची आणि सीवूड्सच्या बाजारात बसायचं, हे तिचं नेहमीचं. पण या वेळेला ती घरात चहा ठेवते. फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नुसता वाजत राहिला. बाबांनाही त्या सकाळी मी हाका मारत राहिले होते.

आणि गोळा आला. असा की मी भिंत धरली. देवा, आई नको रे!

बॅग पायरीवर टाकून, फोन परत परत लावत मी पळाले. रिक्षा चुकवत, माणसांना धक्के देत, कुणीतरी शिवी घातली तरी न थांबता पळाले. त्या दिवशी मॅटवर मी एकदाही अशी पळाले नव्हते.

आई बाजारात पाटीपुढे बसली होती. एका गिऱ्हाइकाशी बोंबलांवरून भांडत होती. फोन पदराच्या गाठीखाली वाजत होता आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. मला बघून तिच्या हातातला कोयता थांबला.

"काय गो? यवरी पलत का आलीस?"

"घाबरले," मी म्हणाले, आणि तिथंच मासळीच्या पाण्यात बसून, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, रडले.