नऊ ग्रॅमचं कार्ड

वर्गात मुलांच्या दहा जोड्या असल्या, तर आमच्या लॅबमधले हंगकाका प्रयोगाचे अकरा ट्रे लावायचे. अकरावा कुणाचा, असं मी नवीन असताना विचारलं होतं.

“ज्याचं फुटेल त्याचा,” ते म्हणाले.

माझी नोकरी त्या अकराव्या ट्रेवर टिकली आहे, हे मी कुणापुढेही कबूल करीन. पहिल्याच वर्षी शिक्षण खात्याचे साहेब माझा तास बघायला येणार होते आणि मला मोरचुदाचे स्फटिक वाढवून दाखवायची हौस आली होती. सोमवारी सकाळी बघते, तर माझ्या भांड्यात निळं पाणी आणि तळाशी नुसता गाळ. मी रडायच्या बेतात. काकांनी कपाटातून दुसरं भांडं काढलं. त्यात अंगठ्याएवढा निळाशार खडा होता.

“शुक्रवारी तुमच्याबरोबर मीही एक लावून ठेवला होता, बाई,” एवढंच बोलले. पुढे अकरा वर्षांत त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. माझी मुलगी झाली तेव्हा त्यांच्या बायकोने बाळंतिणीला देतात ते गोड काळ्या व्हिनेगरमध्ये शिजवलेलं आलं आणि डुकराचे पाय महिनाभर घरी पोचवले. या माणसाचं माझ्यावर इतकं आहे, की त्याने काही मागावं आणि आपण नाही म्हणावं, हे शक्यच नव्हतं. पण ते कधी काही मागायचेच नाहीत.

पूर्ण नाव लाई पाक-हंग. ताई पोमधल्या आमच्या शाळेत सव्वीस वर्षं केमिस्ट्रीचे लॅब असिस्टंट. स्वतः सतरा वर्षांचे असताना, १९८१ साली, शाळेच्या शेवटच्या परीक्षेत केमिस्ट्रीतच नापास झालेले. त्यांच्या मास्तरांनी भर वर्गात सांगितलं होतं, “तू आपल्या बाटल्याच धू.” बरीच वर्षं कापड रंगवायच्या कारखान्यात काढली, मग आमच्याकडे लागले आणि खरोखरच बाटल्या धुऊ लागले. हे ते हसत सांगायचे. हसत सांगितलेलं दुखत नसतं, असं मला तेव्हा वाटायचं. मी तशी अक्कलशून्यच.

गेल्या वर्षी सप्टेंबरात ते लॅबच्या दारात उभे राहिले. हातात कापडी पिशवी, आत नवी कोरी वही.

“बाई, पुढच्या ऑगस्टात मी रिटायर होतो. त्याआधी एप्रिलची डीएसई, शाळेची ती शेवटची परीक्षा, द्यायची म्हणतोय. बाहेरून. फक्त केमिस्ट्री. तुमच्या तासांना मागे बसू का?”

“काका, पोरांना हा अभ्यास तीन वर्षं पुरतो. तुम्ही एका वर्षात करणार?”

“पोरांकडे वेळ आहे,” ते म्हणाले. “मला एकदा कळायला हवं, की इतकी वर्षं मी काय ढवळत होतो. आणि पास व्हायचंय. एकदाच.”

तर तिन्ही वर्षांच्या वर्गांत, मी जिथे शिकवत असेन तिथे, शेवटच्या बाकावर काका बसू लागले. एका वर्गात शेजारी का-यिउ नावाची एक मुलगी. जिभेला हाड नसलेली.

“काका, तुम्ही इथे बसलात, तर टेस्टट्यूब कोण धुणार?”

“तू.”

“मग माझा अभ्यास?”

“धुताना पाठांतर बरं होतं. मी तसंच करतो.”

काकांचा हात असा, की बाटली उचलून सांगतील आत किती उरलंय. रंगावरून, वासावरून त्यांना सगळं ओळखू यायचं. पण कागदावर आलं की घोडं अडायचं, आणि अडायचं ते मोलपाशी. मोल ही साधी मोजायची रीत आहे; आपण अंडी डझनाने मोजतो, तसे कण मोलने मोजायचे. काकांच्या डोक्यात ते काही केल्या शिरेना. रोजच्या कॅलेंडरची फाडलेली पानं ते साठवायचे आणि त्यांच्या मागे गणितं करायचे. ऑक्टोबर उलटेपर्यंत सगळी चुकली. नोव्हेंबरात एक दिवस तीन बरोबर आली. ती पानं त्यांनी मला दाखवली नाहीत, बायकोला दाखवली. हे मला तिच्याकडून कळलं.

डिसेंबरात आमच्याकडे व्हिनेगरचा प्रयोग असतो. मान मो देवळाजवळच्या बाजारात म्हातारा पून सॉस आणि व्हिनेगर विकतो. बाटली त्याच्याकडून आणायची आणि तिच्यात ॲसिड किती, ते मुलांनी काढायचं. लेबलावर पाच टक्के लिहिलेलं असतं. आमच्या शाळेत दरवर्षी सात यायचं. सगळ्यांना सात. मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, “बघा, याला म्हणतात सचोटी! पून आजोबा लिहितात पाच आणि देतात सात.” निम्मा स्टाफ त्यामुळे पूनकडेच व्हिनेगर घ्यायचा.

त्या वर्षी प्रयोगाच्या आदल्या दिवशी काका मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले. हातात प्लास्टिकच्या पाकिटातलं एक जुनं कार्ड. त्यांच्या आधीच्या असिस्टंटने टाइप केलेलं: ऑक्झॅलिक ॲसिड, एका लिटरला नऊ ग्रॅम. या प्रयोगाची सुरुवात त्याच द्रावणापासून होते. पुढची सगळी गणितं त्याच्या जोरावर.

“बाई, माझं बारा पूर्णांक सहा येतंय.”

“पुन्हा करा,” मी वह्या तपासता तपासता म्हटलं. “बेरीज चुकली असेल.”

“चार वेळा केलं.” त्यांनी बाटली माझ्यासमोर ठेवली. “इथे नावापुढे पाणी लिहिलंय. ते पाणीही तोलायचं ना?”

मी लेबल वाचलं आणि वह्या बाजूला सारल्या. ते कार्ड लिहिलं गेलं तेव्हा कोरडी पावडर येत असेल. आम्हाला कित्येक वर्षं येत होते ते स्फटिक, आणि त्यांच्या पोटात पाणी असतं. नऊ ग्रॅम तोलले की त्यात पाणीच बरंचसं. आमचं मूळ द्रावणच पातळ होतं. ते पुरतं कडक आहे असं धरून हिशोब केला, की पूनचं पाचाचं व्हिनेगर साताचं दिसायचं.

“काका, तुम्ही केवढं शोधलंत!”

त्यांच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता.

“परीक्षेचं राहू द्या, बाई. मी बसत नाही.”

“का?”

“सव्वीस वर्षं चुकीचं तोललं. शेकडो पोरांच्या हातात खोटं पाणी दिलं. मास्तर बरोबर बोलले होते. मी बाटल्या धुवाव्यात.”

“चूक कार्डाची आहे.”

“कार्ड वाचणारा मी होतो.”

ते निघून गेले. दुपारच्या तासाला शेवटच्या बाकावर का-यिउ एकटीच होती. मला आधी काकांचा राग आला, मग माझा. ते तर नापास झालेले. मी पदवीधर. अकरा वर्षं डोळ्यांसमोर सात टक्के येत होते आणि मी पूनचे आभार मानत होते! एकदाही ती बाटली उचलून वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी काकांना वर्गात बोलावलं आणि मुलांसमोर सगळं सांगितलं. पून जादा काही देत नाही. मी अकरा वर्षं चुकीचं शिकवलं. ती चूक काकांनी पकडली, मोल शिकून, तीन महिन्यांत. मग म्हटलं, “काका, सगळ्यांसमोर तोला.”

काका खालमानेने तराजूपाशी गेले. बारा पूर्णांक सहा. शेवटचे दोन दाणे त्यांनी चमच्याच्या टोकाने काढले.

तासाच्या शेवटी आकडे येऊ लागले. पाच पूर्णांक एक. चार पूर्णांक नऊ. पाच.

“म्हणजे पून आजोबा साधेच निघाले!” का-यिउ ओरडली. मग वही घेऊन काकांकडे गेली. “काका, या आठवड्याची मोलची गणितं तुमची बघून लिहू?”

काकांनी तिच्याकडे बघितलं.

“बघून लिहू नकोस,” ते म्हणाले. “करून बघ. अडलं तर मी आहे मागे.”

आणि जाऊन आपल्या बाकावर बसले.

संध्याकाळी ते पूनकडे जाऊन खरं काय ते सांगून आले. पून म्हणाला म्हणे, “मी पाचच घालतो, मला ठाऊक आहे. तुमचे मास्तर लोक येऊन आभार का मानतात, तेच कळत नव्हतं. पण तोंडावर स्तुती करणाऱ्याला अडवायचं कशाला?”

एप्रिलमध्ये मान मो देवळात मुलांच्या रांगेत उभं राहून काकांनी विद्येच्या देवाला उदबत्ती लावली आणि दोन कॅल्क्युलेटर घेऊन पेपरला गेले. जुलैत निकाल लागला. तिसरी श्रेणी. पाचवी सर्वांत वरची, तेव्हा तिसरी म्हणजे मधली. पण पास, स्वच्छ पास. मला कागद दाखवताना ते हसले नाहीत, डोळे पुसले. मी तर सरळ रडलेच. सव्वीस वर्षं या माणसाने शाळेतल्या प्रत्येकासाठी एक जास्तीचं तयार ठेवलं होतं, आणि स्वतःसाठी हे एवढंच मागितलं होतं.

ऑगस्टात ते रिटायर झाले. सप्टेंबरात मी कपाट उघडलं. जुन्या पाकिटात नवं कार्ड होतं, त्यांच्या गोल अक्षरात, अख्खं गणित पायरीपायरीने मांडलेलं. बारा पूर्णांक सहा. खाली लिहिलं होतं:

‘हे कार्ड खरं धरू नका. आधी बाटली वाचा, मग गणित करा. लाई पाक-हंग, केमिस्ट्री पास.’

मी बाटली वाचली. उभ्याउभ्या गणित केलं. बरोबर होतं.