अंधारातली

वाटीत खोबरेल तेलात कोळशाची पूड कालवलेली होती. सुलोचनाबाईंनी त्यात बोटं बुडवली, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि म्हणाल्या, "हिला फारसं लावायला नको."

मागच्या बायका हसल्या. मीही हसले. सातवीत होते. मोठी माणसं हसली की आपण हसायचं, एवढंच कळत होतं.

कोल्हापुरातल्या आमच्या चर्चचा तो मिशनचा रविवार जवळ आला होता. परदेशातून पाहुणे येणार होते. येशूची सुवार्ता सगळ्या राष्ट्रांसाठी आहे, असं दाखवणारा देखावा सुलोचनाबाईंनी बसवला होता. संडे स्कूल त्याच बघायच्या. त्यांचे पणजोबा शास्त्री. ख्रिस्ती झाले म्हणून घरच्यांनी बाहेर काढलं, ही गोष्ट त्या दरवर्षी सांगायच्या. आमचे पणजोबाही त्याच काळात ख्रिस्ती झाले. ते नरसोबाच्या वाडीकडच्या महारवाड्यातले. त्यांची गोष्ट कुणी सांगायचं नाही.

बाबा चर्चचे राखणदार. झाडलोट करायची, घंटा वाजवायची. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. त्या देवळामागच्या खोलीत राहायचो.

देखाव्यात प्रत्येक पोराला एक देश होता. कुणी जपान, कुणी जर्मनी, हातात कागदी झेंडा. मधोमध सुलोचनाबाईंची नात, पांढरा झगा, छातीशी पवित्र शास्त्र. मला गोणपाट गुंडाळलं. झेंडा नाही. मी विचारलं, माझा देश कुठला?

"तुला देश नाही. तू अंधारातली," बाई म्हणाल्या.

रागानं नाही. काम समजावून सांगावं तसं. मी सगळ्यांच्या शेवटी रांगत यायचं. नातीपुढं गुडघे टेकायचे. तिनं ओल्या टॉवेलनं माझं तोंड पुसायचं. मग गाणं.

शनिवारी तालीम झाली. नातीनं तोंड पुसलं. कोळसा निघाला आणि खालचा माझा रंग दिसला. जपान झालेला पोरगा म्हणाला, "अजून निघालं न्हाय की." पुन्हा हसू. मी पण हसले. घरात काही सांगितलं नाही.

रविवारी देऊळ गच्च भरलेलं. मी दारापासून रांगत निघाले. काथ्याची चटई गुडघ्यांना टोचत होती. पाहुणे मोबाईल धरून शूटिंग करत होते. मान वळवून बघितलं, तर बाबा दारात उभे. हात बांधून. हसत.

ते हसू मला माहीत होतं. ते माझंच होतं.

मी उठले.

चालत पुढं गेले. नात कुजबुजली, "बस की गं." मी तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि माझं तोंड मीच पुसलं. लोकांकडं वळून म्हणाले, "माझा बाप्तिस्मा ह्याच देवळात झालाय. मी भायरनं आल्याली न्हाय."

गाणं कुणी सुरूच केलं नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते नाटकातलंच वाटलं.

संध्याकाळी सुलोचनाबाई खोलीवर आल्या. केक घेऊन. मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. मग बाबांना म्हणाल्या की पोरीनं पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर माफी मागावी, नाहीतर चर्चच्या पंचांना दुसरा राखणदार बघावा लागेल. हात माझ्या डोक्यावरच होता. तेव्हापासून कुणी मायेनं जवळ घेतलं की मी आधी त्याचं पुढचं वाक्य ऐकते.

बाबा कबूल झाले होते. आई कोपऱ्यात भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच उठली.

"पोरगी माफी मागायची न्हाय. खोली कवा सोडायची, तेवढं सांगा."

आम्ही कसबा बावड्याला आत्याकडं गेलो. आत्याच्या सासरचे छप्पन सालापासून बौद्ध. तिनं काही न विचारता पुढची खोली रिकामी करून दिली. एवढंच म्हणाली, "धर्म बदललासा, पण बसायची जागा तीच ऱ्हायली की." बाबा कारखान्यावर हंगामी कामाला लागले.

मला वाटलं, सुटलो. पण रविवार आला तशी आई लुगडं बदलून निघाली. त्याच चर्चला. मी चिडले, वाट अडवली. तिनं चपला पायात सरकवल्या.

"देऊळ त्यांच्या नावावर असंल. येशू न्हाय."

मीही गेले. भक्तीनं नाही. नजर ठेवायला. तशीच जात राहिले. वेदीवरून कुणी 'सर्वांसाठी' म्हणालं की मी बघते, म्हणणारा बसतो कुठं आणि सतरंजी उचलतो कोण. चर्चमधला आमचा गट इचलकरंजीला यंत्रमागावरच्या बिहारी कामगारांना सुवार्ता सांगायला जातो. तिथं चहा आमचेच लोक वाटतात. त्यांना कागदी कपात, आम्हाला काचेच्या ग्लासात. कोण म्हणालं असं करा? कुणीच नाही. एकदा मी कागदी कप उचलला. गटातल्या बाकीच्यांनी बघितलं, आणि आपापल्या ग्लासातनं प्यायले.

आता मी नर्स आहे. गेल्या महिन्यात पुन्हा पाहुणे आले. चर्चनं आमच्या घराला कसं वर आणलं याची साक्ष दे, असं सुलोचनाबाईंनीच सांगितलं. मी पुढं गेले आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. वाटीपासून. पाळक, म्हणजे आमचे पाद्री, दोनदा खाकरले. मी थांबले नाही. या वेळी टाळ्या नव्हत्या.

बाहेर सुलोचनाबाईंनी गाठलं. आता थकल्यात, काठी लागते. म्हणाल्या, इतकी वर्षं मनात धरलंस, ख्रिस्ती माणसानं क्षमा करावी.

मी म्हणाले, "मागितली कुणी?"

त्या गाडीत बसल्या.

या वर्षी मी चर्चच्या पंचकमिटीला उभी राहतेय. आमच्या घरातलं कुणी आजवर उभं राहिलेलं नाही. निवडून येईन का, ठाऊक नाही. पाळकांनी सांगून बघितलं, घाई नको, प्रार्थना करून ठरव. प्रार्थना केली. ठरलंय.

पहिलं मत मागायला सुलोचनाबाईंच्या घरी जाणार आहे. दारातनं मागणार नाही. आत जाऊन, खुर्चीवर बसून मागणार आहे.